चेकिंगवाल्या बाईंचा ओटा

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते बसडेपोतल्या लोकांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली, आणि ब्रेक असा लावायचे की खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, नाव मात्र चिकटून घरी आलं. बायको रागावली की तीही 'सावकाशराव' म्हणायची. एरवी आपलं 'अहो'.

बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं होती. तिथे सगळे तिला 'बाई' म्हणत, म्हणून शेजारीपाजारीही बाईच म्हणू लागले. ती काय काम करते असं कुणी विचारलं की सावकाशराव सांगायचे, "चेकिंगला आहे. शर्ट बघते." त्यांच्या डोळ्यांसमोर एक टेबल यायचं, टेबलावर शर्ट, आणि शर्टाकडे बघत बसलेली बायको. त्यात आणखी विचारण्यासारखं काही असेल असं त्यांना कधी वाटलंच नाही. त्यांची पाळी भल्या पहाटेची, तिची दिवसभराची. संध्याकाळी दोघं जेवायला बसत तेव्हा एकाचे डोळे मिटत असत आणि दुसरीचे चुरचुरत असत.

निवृत्तीनंतर भाड्याची खोली सोडून दोघं स्वतःच्या घरात आली. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक वेगळं स्वयंपाकघर. या वेगळ्या स्वयंपाकघराचं बाईला किती अप्रूप! जुन्या खोलीत स्वयंपाकघर म्हणजे एक कोपरा होता आणि दिवा होता तिच्या पाठीमागे. इतकी वर्षं ती स्वतःच्याच सावलीत भाजी चिरत आली होती. हे सावकाशरावांना आता कळलं. तेव्हा त्यांना फक्त भाजी दिसायची, तीही ताटात.

काळ्या दगडाचा गुळगुळीत ओटा बसून झाला होता. वरची कपाटं व्हायची होती. त्यासाठी मिस्त्री आला, कानामागे पेन्सिल आणि हातात टेप. वीस वर्षं स्वयंपाकघरंच करणारा, बोलायला गोड माणूस. त्याने भिंत मोजली, कागदावर चौकोन काढले आणि समजावून सांगितलं.

"आणि दिव्याचं?" बाईने विचारलं.

"काकू, छताला मधोमध मोठा दिवा आहेच. शिवाय कपाटाखाली, मागे भिंतीला लागून एलईडीची पट्टी लावून देतो. टाइल्स अशा उजळून निघतील की बघत राहाल. सगळीकडे तसंच करतो मी."

बाई म्हणाली, "मला टाइल्स चिरायच्या नाहीयेत."

"म्हणजे?"

"मला भाजी चिरायची आहे. उजेड हातावर पडायला हवा. पट्टी मागे नको, पुढच्या कडेला हवी."

मिस्त्री हसला. वाईट नव्हता हसला, पण हसला. "काकू, पुढे लावली की डोळ्यांत जाते. लोक चार दिवसांत फोन करतात, काढून द्या म्हणून."

"मग मी आधी बघते. मला चार दिवस द्या."

मिस्त्री गेल्यावर सावकाशरावांनी दार लावलं. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. "अगं, त्याचा धंदा आहे तो. वीस वर्षं करतोय."

"मी तेहतीस वर्षं केलंय."

"काय केलंयस?"

"उजेडाचंच काम," ती म्हणाली आणि खोकी आवरायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाशराव चहा शोधत स्वयंपाकघरात आले तर चहाच्या जागी बांधकाम चालू होतं. सामान हलवताना आणलेली खोकी बाईने ओट्यावर एकावर एक रचली होती, दोन्ही टोकांना दोन उतरंडी, आणि त्यांच्यावर पलंगाची एक फळी आडवी टाकली होती. शिवणाची टेप गळ्यात होती. ओट्यापासून फळी बरोबर दोन फूट वर, भिंतीपासून फळीची पुढची कड बरोबर सव्वा फूट. म्हणजे मिस्त्रीचं कपाट जिथे येणार, तिथेच.

"अहो, ही बॅटरी घ्या. फळीखाली मागे धरा, भिंतीजवळ. खिडकीचा पडदा ओढलाय मी."

त्यांनी बॅटरी धरली. बाई बटाटा चिरायला लागली.

"आता बघा. काय दिसतंय?"

"बटाटा."

"सावकाशराव, नीट बघा."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. उजेड भिंतीकडून येत होता, त्यामुळे बाईच्या बोटांची सावली तिच्याच बाजूला पडली होती. सुरीची धार जिथे टेकत होती, नेमकं तिथेच अंधार होता. मागची टाइल मात्र लख्ख!

"आता पुढे आणा. फळीच्या कडेला. थोडी भिंतीकडे तिरकी करा. बस."

सावली बोटांच्या पलीकडे सरकली आणि सुरी, बोटं, बटाट्याची साल, सगळं उघडं पडलं. सालीवरचा हिरवट डागसुद्धा दिसला.

"अरेच्चा!" सावकाशराव म्हणाले.

"माझ्या टेबलावर अशीच ट्यूब होती. पहिल्यापासून नव्हती. आधी पाठीमागे टांगलेल्या असायच्या, ओळीने." ती बटाटा चिरत चिरत सांगत होती, मान वर न करता. "दुपारनंतर पीस परत यायला लागायचे. टाका सुटलेला, बटणाचं काज तिरकं, कॉलरचा रंग वेगळा. सुपरवायझर म्हणायचा, बायकांचं लक्ष नाही, गप्पा मारतात. मी म्हटलं, लक्ष आहे, पण आम्ही आमच्याच सावलीत बघतोय. ऐकतो कोण! मग एका सकाळी स्टुलावर चढले आणि सुतळीने ट्यूब पुढे बांधली. टेबलाच्या कडेवर."

"आणि तो?"

"अख्खा मजला ऐकेल असा ओरडला. पण तो आठवडा माझ्या टेबलावरून एक पीस परत आला नाही. मग वरचे साहेब आले, टेप घेऊन. बावीसच्या बावीस टेबलांवर ट्यूब पुढे आल्या. त्यांनी मलाच विचारलं, किती उंच, किती तिरकी."

सावकाशराव बॅटरी धरून तसेच उभे होते. "कधीची गोष्ट ही?"

"लेक पहिलीत होती."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही जेवता जेवता मान डोलावली होती."

त्यांनी बॅटरी बंद केली आणि मग उगाचच पुन्हा चालू केली.

दुपारी बाई आडवी झाल्यावर त्यांनी गच्चीत जाऊन लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावात नोकरीला होती. बाबांनी भरदुपारी फोन केला म्हणून आधी ती घाबरलीच. त्यांनी ट्यूबची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुला माहीत होतं का गं हे?"

"बाबा, मी शाळेतून सुटले की कारखान्याच्या फाटकाशी आईची वाट बघत बसायचे. तिथला वॉचमनसुद्धा सांगायचा, तुझ्या आईच्या टेबलावरून पुढे गेलेला शर्ट कुणी पुन्हा उघडून बघत नाही म्हणून. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"थोडंफार होतं," सावकाशराव म्हणाले. आयुष्यात फार खोटं बोललेला माणूस नव्हता तो, त्यामुळे हे खोटं त्यांना संध्याकाळपर्यंत पुरलं.

तिसऱ्या दिवशी दोघं दिव्यांच्या दुकानात गेली. बाईने पर्समध्ये चार रिळं टाकली होती. सावकाशरावांना वाटलं, वाटेत शिवणाचं काही घ्यायचं असेल.

दुकानदाराने तीन पट्ट्या काढल्या आणि ओळीने पेटवून दाखवल्या. "तिन्ही पांढऱ्याच आहेत. कुठलीही न्या."

बाईने पर्समधून दोन रिळं काढली आणि पहिल्या पट्टीखाली धरली. "यातलं काळं कुठलं?"

दुकानदाराने बघितलं. "दोन्ही काळी आहेत."

तिने तीच रिळं दाराशी, दिवसाच्या उजेडात नेली. एक काळं होतं, दुसरं गडद निळं. मग दोन लाल रिळं काढली, एक जांभळट लाल आणि एक विटकरी. दुसऱ्या पट्टीखाली दोन्ही जुळ्या बहिणी दिसत होत्या.

"ही पट्टी पांढरी आहे, पण खरं बोलत नाही," बाई म्हणाली. "हिच्या उजेडात टोमॅटो पिकलाय की नासायला लागलाय, मला कळायचं नाही. तांदळातला खडा तांदळासारखा दिसेल. सगळे रंग सुटे दिसतील अशी नाही का?"

तोपर्यंत काउंटरवरची दोन-तीन गिऱ्हाइकं आपलं सामान विसरून इकडे सरकली होती. एक बाई म्हणाली, "बघू बघू," आणि स्वतःच्या ओढणीचं टोक पट्टीखाली धरून बघू लागली. दुकानदार आत गेला आणि धूळ बसलेला एक खोका घेऊन आला. "ही कुणी मागत नाही म्हणून आत पडून होती."

ती पेटवली. निळं निळं झालं, काळं काळं राहिलं, आणि दोन लाल रिळांनी आपापली वाट धरली.

"हीच," बाई म्हणाली.

सावकाशराव जरा मागे उभे होते. त्यांनी आजूबाजूच्या लोकांकडे एकदा बघून घेतलं. या बाईबरोबर आपण आलो आहोत हे सगळ्यांच्या लक्षात आलंय ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. मग त्यांनी पुढे होऊन तिची पर्स हातात घेतली.

"आणि ड्रायव्हर कुठे ठेवणार?" दुकानदाराने विचारलं.

"हे काय, बरोबर आणलाय," बाईने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदार हसून म्हणाला की पट्टीला वीज पुरवणाऱ्या डबीला ड्रायव्हर म्हणतात. "ती चालून चालून गरम होते. मोकळ्या हवेत ठेवा. कोंडून ठेवली तर लवकर जाते."

"अगदी बरोबर सांगताय," सावकाशराव म्हणाले. "एकतीस वर्षांचा अनुभव आहे मला."

घरी येऊन बाईने पट्टी फळीच्या कडेला चिकटवली. संध्याकाळ झाली होती, खिडकीबाहेर उजेड उतरत होता. तिने पट्टी पेटवली, ओट्यासमोर उभी राहिली आणि तोंड फिरवलं.

काळा गुळगुळीत दगड आरशासारखा झाला होता. पट्टीतला एकेक दिवा, टाचणीच्या डोक्याएवढा, दगडात उमटला होता, आणि ती सगळी रांग थेट डोळ्यांत टोचत होती. ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. रांग तिच्याबरोबर सरकली.

"मिस्त्री म्हणत होता ते खरं निघालं," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "माझ्या टेबलावर पांढरं कापड होतं हो. दगड नव्हता. मला हे सुचायला हवं होतं."

सावकाशरावांनी बायकोला रागावलेलं बघितलं होतं, दमलेलं बघितलं होतं. असं हात मांडीवर टाकून बसलेलं बघितलं नव्हतं. ते ओट्यासमोर गेले आणि तिच्या जागी उभे राहिले. दगडातले दिवे बघता बघता त्यांना वाटलं, हे आपण पूर्वी पाहिलंय, शेकडो वेळा पाहिलंय.

"अगं, हा ओला रस्ता आहे."

"काय?"

"पावसात असंच होतं. समोरच्या गाडीच्या दिव्यांचा त्रास एक वेळ परवडतो, पण रस्त्यात पडलेलं त्यांचं प्रतिबिंब फार छळतं. आणि बसच्या आत आणखी गंमत. मागे प्रवाशांकडचे दिवे लावले की ते पुढच्या काचेत दिसायचे. मला रस्ताच दिसेना. म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागे पडदा असतो. दिवे चालू राहतात, प्रवासी आपला पेपर वाचतात, फक्त दिवा माझ्या नजरेला पडायचा नाही."

बाई उठली. "परत सांगा."

"काय परत सांगा?"

"शेवटचं."

"दिवा चालू राहू दे, फक्त तो नजरेला पडायला नको."

पुढचा तासभर त्या स्वयंपाकघरात कुणी नीट वाक्य बोललं नाही. 'धरा', 'सोडा', 'वर', 'अजून', 'बस' एवढंच. बाईने ट्रंकेतून कटिंगचा पातळ कागद काढला, ज्याच्यातून आरपार दिसतं न दिसतं असा, आणि पट्टीवर दुहेरी चढवला. टोचणारे ठिपके विरघळले, उजेडाचा एकसंध दुधी पट्टा झाला. मग खोक्याच्या पुठ्ठ्याची पाचर करून तिने पट्टीचं तोंड भिंतीकडे वळवलं. शेवटी फळीच्या पुढच्या कडेला पुठ्ठ्याचीच दीड इंचाची झालर लावली. हाच तो बसमधला पडदा.

दगडात आता एक मऊ रेघ उरली होती, आणि तिला कुणी नावं ठेवली नसती. सुरी, हात, चिरायचा पाट, सगळं कोरून काढल्यासारखं दिसत होतं.

बाईने सावकाशरावांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायला पाठवलं. "तिथून दिवा दिसतो का?"

"नाही."

"आता मी बॅटरी मिस्त्रीच्या जागी, मागे भिंतीशी धरते. आता?"

"आता दिसतो. चांगलाच डोळ्यांत येतोय."

"वा!" आतून आवाज आला. इतका खुशीतला आवाज त्यांनी लेकीच्या निकालानंतर ऐकला नव्हता.

चौथ्या दिवशी मिस्त्री आला. खोक्यांच्या उतरंडी बघून दारातच थबकला. बाईने त्याला चहा दिला, आणि चहा संपल्यावर हातात सुरी दिली.

"हा कांदा घ्या आणि चिरा."

"मी? काकू, मला घरी कुणी कांदा चिरू देत नाही."

"इथे देतेय मी. चिरा."

बाईने आधी बॅटरी पेटवून मागे भिंतीशी धरली. मिस्त्रीने चार काप केले, डोकं वाकवून वाकवून. मग तिने बॅटरी बंद करून पुढची पट्टी लावली. मिस्त्रीचं डोकं आपोआप सरळ झालं. त्याने उरलेला कांदा सगळा चिरला, गरज नसताना. मग सुरी खाली ठेवली, खाली वाकून झालर बघितली, पाचर बघितली, कागद बोटाने चाचपला.

"बसून बघितलंत का?" त्याने विचारलं. "बाहेरच्या खोलीतून?"

"हे बसले होते. विचारा."

"तुमची मागची डोळ्यांत येते," सावकाशराव म्हणाले. त्यांना ते जरा जास्तच जोरात म्हटल्यासारखं वाटलं, पण आता म्हटलं तर म्हटलं.

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली. "झालर दीड इंच?"

"सव्वात भागत असेल तर सव्वा."

"नाही, दीडच ठेवू. कपाटाच्याच लाकडात करून देतो, वेगळी लावलेली वाटणार नाही. पट्टीला तिरकी खाच पाडतो. तुमच्या कागदाच्या जागी दुधी झाकण मिळतं. आणि डबी कपाटावर, मोकळी." तो लिहीत गेला, बाई मापं सांगत गेली. सावकाशराव दोघांच्या मध्ये उभे राहून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. त्यांना बोलण्यातलं सगळं कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

कपाटं पंधरा दिवसांत बसली. दिवा लागला आणि जसा हवा होता तसाच लागला. फक्त बटण चुकलं. बाईने ते फ्रिजशेजारी सांगितलं होतं आणि आता दिवा लावायला ओट्यावरून चार पावलं जावं लागत होतं. "पहिल्या पीसमध्ये काहीतरी राहतंच," ती म्हणाली आणि महिन्याभरात बटण हलवून घेतलं.

लेक सुट्टीत आली तेव्हा सावकाशरावांनी तिला बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. आधी स्वयंपाकघर. तिला ओट्यासमोर उभं करून त्यांनी सगळं समजावलं. मागची सावली, पुढची सावली, खरं बोलणारी पट्टी, झालर. आणि मग बावीस टेबलांची गोष्टही सांगितली, लेकीने आधी कधी ऐकलीच नाही अशा थाटात. दोन-तीन ठिकाणी बाईने दुरुस्ती केली. "सुतळी होती, दोरी नाही." "स्टूल होतं, खुर्ची नाही." लेक आईकडे बघून हसत होती. सावकाशरावांनी पुढच्या वेळी सांगताना स्टूल आणि सुतळी बरोबर सांगितली.

एका सकाळी मिस्त्रीचा फोन आला. दुसऱ्या एका घराचं काम होतं, तिथल्या आजींची नजर कमी झाली होती, पण स्वयंपाक त्यांना स्वतःच्याच हाताने करायचा होता. काकू येऊन बघतील का? तो स्वतः न्यायला येईल.

बाईने पर्समध्ये टेप टाकली, चार रिळं टाकली, कटिंगचा कागद घडी करून ठेवला. कारखान्यात जाताना घालायची ती चष्म्याची दोरी गळ्यात अडकवली. सावकाशरावांनी खिडकीतून तिला खाली मिस्त्रीच्या गाडीत बसताना बघितलं. ती पुढच्या सीटवर बसली आणि काहीतरी समजावून सांगायला लागली. गाडी निघायच्या आधीच मिस्त्री मान हलवत होता.

थोड्या वेळाने शेजारच्या वहिनी आल्या. "बाई आहेत का घरात?"

सावकाशराव दारात ताठ उभे राहिले, जसे पूर्वी गणवेशात राहायचे.

"नाहीत. कामावर गेल्यात. उजेडाचं काम असतं त्यांचं," ते म्हणाले. "बसा ना, मी सांगतो काय असतं ते."